झुरिकला वेचलेल्या बिया

पंपाच्या खोलीचा पत्रा वाजला, की समजायचं सुपारी पडायला लागली. यंदा तो दिवाळीच्या तोंडावर वाजला. मी सकाळचा चहा उकळत ठेवला होता. एकदा टण्ण झालं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. पूर्वी या दिवसांत तो पत्रा गप्प म्हणून बसायचा नाही. पाहुणे विचारायचे, वर माकडं नाचतायत का काय! आता एक आवाज झाला की दुसऱ्यासाठी मी कान देऊन उभी राहते आणि तेवढ्यात चहा उकळून कडू होतो.

अंगणात सुपारी वाळायला पडली की तिला एक आंबूस, ओलसर वास सुटतो. सालीसकटचा, थोडा कुबट म्हणा ना. आमच्या शेजारणीला या वासाने माहेर आठवतं. मला झुरिक आठवतं. हे कोणाला सांगायची सोय नाही. श्रीवर्धनच्या बाजारात अजून कोणी तरी विचारतं, ‘‘काय बाई, स्वित्झर्लंड कसं होतं?’’ मी म्हणते, ‘‘छान. स्वच्छ.’’ दुसरं काय सांगणार? जेमतेम अर्धा दिवस होतो आम्ही तिथे, आणि त्या अर्ध्या दिवसात आमचे हे सगळा वेळ वाकून चालत होते.

वाकण्याचं मूळ आमच्या सुपारीच्या वाडीत आहे. मी पेणची. सुपारी पाहिलेली ती पानाच्या तबकात किंवा पूजेच्या तांदळावर. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच सकाळी वाडी बघायला निघाले, तर मागून सासूबाई ओरडल्या, ‘‘अगो, ओलांडलीस की! ये, उलटी ये परत.’’ मला काही कळेना. पायाशी एक पिकलेली, नारिंगी सुपारी पडली होती. नव्या नवरीने उलट पावलं टाकत मागे यायचं, मग वाकून ती उचलायची. झोपलेल्या मुलावरून पाय टाकला तर त्याची वाढ खुंटते असं म्हणतात, तसंच सासूबाईंच्या लेखी सुपारीचं होतं. दिसली की उचलायची. हातात टोपली नसली तर जवळच्या झाडाच्या बुंध्याशी ठेवायची, मागून येणारं माणूस गोळा करतं. मी शाळेत भूगोल शिकवणारी बाई, मनातल्या मनात हसले. पडलेली सुपारी पानांखाली राहिली तर बुरशी धरते, उंदीर नेतात, हे खरं कारण मला पुढे कळलं. पण ते कळायच्या आत कमरेला सवय लागून गेली होती.

यांची सवय तर अंगातच मुरलेली. बोलता बोलता वाकतील, उचलतील, बुंध्याशी ठेवतील, आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे नेतील. आमचा मंदार लहानपणी अंगणात वाळत घातलेल्या सुपारीच्या कडेला गोणपाटावर झोपायचा. कावळे हाकलायला म्हणून बसायचा आणि कलंडायचा. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस त्याला वळसा घालून जायचं. आणि वाढला की तो! इंजिनियर झाला, अमेरिकेत गेला, तिथे घर घेतलं, लग्न केलं. त्याची वाढ कुठे म्हणून खुंटली नाही. कधी कधी रागाच्या भरात वाटतं, एकदा तरी कोणी ओलांडायला हवं होतं त्याला. मग स्वतःचीच लाज वाटते.

वादळ आलं त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाला आमची निम्म्याहून जास्त पोफळी एका दुपारात आडवी झाली. त्याबद्दल सगळ्यांनी सगळं सांगून झालंय. मला आठवतं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी वाडीत ऊन आलं. लग्न झाल्यापासून त्या वाडीत मला कधी डोळ्यांवर हात धरावा लागला नव्हता. तिथे भर दुपारीसुद्धा विहिरीच्या पाण्यासारखा हिरवा गारवा असायचा. त्या दिवशी आम्ही दोघं पडलेल्या झाडांमध्ये उभे होतो आणि डोक्यावर चक्क ऊन लागत होतं. हे म्हणाले, ‘‘टोपी आण गं माझी.’’ वाडीत टोपी मागितलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

सुपारी उतरवायला गजा येतो. त्याचा बाप यायचा, आता हा. पोफळीवर चढलेला माणूस खाली उतरत नसे. वरच्या वर झाड वाकवायचं, झोका घ्यायचा, शेजारचं झाड पकडायचं, असा तो वाडीच्या या टोकाला चढला की त्या टोकाला उतरायचा. मंदारच्या वर्गातली पोरं खास ते बघायला यायची. वादळानंतरच्या पहिल्या हंगामात गजा तिसऱ्या-चौथ्या झाडालाच कंटाळला.

‘‘काका, दर झाडाला खाली उतराया लागतंय. वरच्या वर जाया झाडंच न्हाय ऱ्हायली.’’

‘‘रोपं लावतोय की,’’ हे म्हणाले. ‘‘वाढतील, जवळ येतील.’’

‘‘येतील, व्हय. पन तवर चढनार कोन? माझा पोरगा तर कंपनीत जातोय माणगावला. त्याला झाडाव चढ म्हनलं तर हसतोय मला.’’

हे एका रोपाभोवतीची माती हातानेच सारखी करत राहिले. ती रोपं कोणासाठी लावली, हे कोणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोफळीला फळ धरायला वर्षं जातात. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस ती स्वतःसाठी लावत नाही. दर रविवारी मंदारचा फोन आला की हे त्याला उंची सांगायचे. ‘‘गुडघ्याला आली रे.’’ पुढच्या वर्षी, ‘‘कमरेला आली.’’ मंदार पलीकडून म्हणायचा, ‘‘वा, बाबा!’’ त्या ‘वा’मध्ये यांना जे ऐकू यायचं ते मला येत नव्हतं. पण माणसाला आनंद होतोय तर होऊ दे, म्हणून मी गप्प राहायचे.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी मंदारने आम्हाला बोलावून घेतलं. यांची एकच अट होती, सुपारी पडायला लागायच्या आत परत यायचं. मंदारने तिकीट काढतानाच येतानाचा झुरिकचा थांबा जोडून दिला. ‘‘आई, जन्मभर फळ्यावर स्वित्झर्लंड शिकवलंस. अर्धा दिवस उतर आणि बघ तरी.’’ त्यासाठी आम्ही आधी मुंबईला जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आलो. यांची बोटं सुपारी सोलून सोलून इतकी घासलेली, की यंत्र ठसाच घेईना. तिथली मुलगी पुन्हा पुन्हा बोट पुसून ठेवायला सांगत होती आणि आम्ही दोघं हसत होतो. फार खुशीत होतो आम्ही तेव्हा.

हे जे विचारायला अमेरिकेला गेले होते, ते यांनी परत निघायच्या आदल्या संध्याकाळी विचारलं. जेवणं झाली होती. सून मुलीला झोपवायला वर गेली होती. मंदार भांडी विसळत होता आणि हे पुसून ठेवत होते. ‘‘रोपं धरायला लागली, की तू एकदा येऊन वाडी ताब्यात घे. लगेच नाही म्हणत मी. पण कधी येशील ते सांग. म्हणजे मला तसं बघता येईल.’’

मंदारने नळ बंद केला. ‘‘बाबा, मी नाही येणार. आज नाही आणि पुढेही नाही. तुम्ही माझ्यासाठी लावत असाल तर नका लावू.’’ मग त्याने यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘उगीच आशेवर ठेवायचं नाहीये मला तुम्हाला.’’

त्यात एक शब्द वाईट नव्हता. तो ओरडला नाही, वैतागला नाही. खोटं बोलला असता तर मला तो आवडला असता का? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. आणि खरं सांगायचं तर हो, आवडला असता. यांनी हातातली ताटली पुसली, परत एकदा पुसली, आणि कपाटात ठेवली. ‘‘बरं,’’ म्हणाले.

झुरिकला उतरलो तेव्हा आभाळ राखाडी होतं. मोठ्या बॅगा परस्पर पुढे गेल्या होत्या. विमानतळावरून आगगाडीने आम्ही शहरात आलो. मी साडीवर स्वेटर, पायांत मोजे आणि बूट, अशी कशी दिसत होते ते मंदारच्या मुलीने आधीच हसून सांगितलं होतं. हे मंदारचं जुनं जाकीट घालून होते. बाह्या लांब होत होत्या, त्या दुमडलेल्या. माझ्या डोक्यात सगळा रस्ता तयार होता. आधी नदी, मग मोठ्या घड्याळाचं चर्च, मग सरोवर, आणि सरोवराच्या पलीकडे आल्प्स. वर्गात नकाशावर पट्टी ठेवून दाखवावं तसं मी सांगत चालले होते. ‘‘ही लिमत नदी बरं का. सरोवरातूनच निघते.’’ हे म्हणत होते, ‘‘हं.’’ आदल्या दिवसापासून ‘हं’ आणि ‘पासपोर्ट घेतलास ना’ यापलीकडे त्यांच्या तोंडून काही आलं नव्हतं.

एका पुलाच्या तोंडाशी एक माणूस शेगडीवर काहीतरी भाजत होता. खरपूस, गोडसर वास येत होता आणि लोक कागदाच्या पुड्या घेऊन खात चालले होते. चेस्टनट. पुस्तकात वाचलेला शब्द मी पहिल्यांदा नाकाने ओळखला. यांनी शेगडीत डोकावून बघितलं आणि आम्ही पुढे निघालो.

सरोवराच्या काठाने मोठमोठ्या झाडांची रांग होती. पानं पिवळी, तांबूस होऊन गळत होती आणि त्या पानांत सगळीकडे तपकिरी, चकचकीत बिया पडल्या होत्या. सुपारीहून थोड्या मोठ्या, तेल लावून पुसल्यासारख्या. हे खाली वाकले. मला वाटलं, बुटाची नाडी सुटली. यांनी एक बी उचलली, जाकिटाला पुसली, आणि जवळच्या झाडाच्या बुंध्याशी ठेवली. पुढे आले, दुसरी उचलली. मग तिसरी. पळायला निघालेली तरणी मुलं-मुली यांना वळसा घालून जात होती. एका सायकलवालीने घंटी वाजवली.

‘‘अहो, लोक बघतायत,’’ मी म्हटलं.

‘‘बघू देत. तुडवून चाललेत सगळे.’’ रुमाल काढून त्यात बिया गोळा करायला त्यांनी सुरुवात केली होती. ‘‘तिकडे पुलावर भाजून विकतायत, आणि इथे पायाखाली! माणसं नाहीत का यांच्याकडे वेचायला?’’

घड्याळाच्या चर्चकडे जायचा रस्ता मागे राहिला होता. थोड्या वेळाने मीही दोन उचलून त्यांच्या रुमालात टाकल्या, कारण ते एकटेच वाकतायत हे मला बघवेना. रुमाल भरला, मग जाकिटाचे खिसे फुगले.

बाकावर एक म्हातारी बाई लहानसा कुत्रा घेऊन बसली होती. तिने यांना हातानेच थांबायची खूण केली आणि सावकाश, मोडक्या इंग्रजीत मला सांगितलं, की ही खायची नाही. पुलावर विकतात ती जात वेगळी, ही खाल्ली तर पोट बिघडेल. मी यांना सांगितलं.

‘‘मग हिचं काय करतात, विचार.’’

मी विचारलं. ती म्हणाली, काही नाही. पोरं खेळायला नेतात, थोडी हरणांना घालतात, बाकीची झाडून टाकतात.

‘‘झाडं कोणाची आहेत विचार.’’

‘‘शहराची,’’ ती म्हणाली.

‘‘शहराची म्हणजे नक्की कोणाची?’’

हे मी विचारलं नाही. काय विचारणार! यांच्या तोंडाकडे बघून त्या बाईला काय वाटलं कोण जाणे. तिने रुमालातली एक बी निवडून काढली, यांच्या हातात दिली आणि त्यांच्या पँटच्या खिशाकडे बोट दाखवलं. तिची आई दर वर्षी एक बी कोटाच्या खिशात ठेवायची म्हणे. गुडघ्यांसाठी. खिशात असली की गुडघे दुखत नाहीत.

‘‘मग आईचे गुडघे बरे झाले का?’’ मी विचारलं.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पण ती दर वर्षी नवी घ्यायची.’’ आणि मोठ्याने हसली. मी हसत हसत ते मराठीत सांगितलं. हे हसले नाहीत, पण बी खिशात ठेवली. मग त्या बाईने सरोवराच्या पलीकडे हात केला. नेहमी तिथे डोंगर दिसतात, बर्फाचे, फार सुंदर, आज नेमके ढग आहेत. आम्ही तिघंही त्या राखाडी भिंतीकडे बघत राहिलो.

‘‘असतील,’’ हे म्हणाले.

मग त्यांनी काय केलं, तर रुमालातल्या आणि खिशातल्या सगळ्या बिया परत नेल्या आणि एकेका झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवल्या. ओंजळ ओंजळभर, ज्याच्या त्याच्या खाली. मी बाकावर बसून बघत होते. माझं स्वित्झर्लंड ते एवढंच. रांग अर्धीअधिक झाली असेल, तेवढ्यात मागून घर्र आवाज आला. पाठीला यंत्र लावलेला एक माणूस त्याच्या नळीतून वारा सोडत येत होता. त्या वाऱ्याने पानं उडत होती आणि पानांबरोबर बियाही घरंगळत रस्त्याच्या कडेला ढिगात जात होत्या. त्याचा काही दोष नव्हता, तो त्याचं काम करत होता. हे बाजूला झाले. आपण ठेवलेली एकेक ओंजळ कशी जाते ते शेवटपर्यंत बघितलं. मग रुमाल झटकला, घडी घातली. मला रडू आलं. सरोवराकडे तोंड करून मी रडून घेतलं, तिथे मला ओळखणारं कोण होतं?

स्टेशनकडे परत निघालो तेव्हा हे आपणहून बोलले. ‘‘बरोबर बोलला तो.’’

‘‘कोण?’’ मला माहीत होतं, तरी विचारलं.

‘‘मंदार. तोंडावर सांगितलं ते बरं केलं.’’

‘‘मग आता रोपांचं काय करणार?’’

‘‘करायचं काय? लावलीत, ती वाढतील.’’ आणि दुमडलेल्या बाह्या आणखी एक घडी वर सारून ते चालायला लागले.

मुंबईहून घरी येताना माणगावला गाडी थांबवून आम्ही चहा प्यायलो. म्हसळ्याचा घाट उतरला, खारा वारा लागला, आणि मला वाटलं, वाडी दिसली की हे सावरतील. सावरलेही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर हे वाडीत, हातात टोपली. हंगाम सुरू झाला होता. मी सुटकेचा निःश्वास टाकला. झुरिकची बी पायजम्याच्या खिशातून सदऱ्याच्या खिशात, तिथून पुन्हा पायजम्यात अशी फिरत राहिली. दोनदा तर माझ्याकडून धुतली गेली. तिची चकाकी गेली, ती आक्रसून खडबडीत झाली. मी चेष्टेने विचारायचे, ‘‘काय म्हणतायत गुडघे?’’ हे म्हणायचे, ‘‘तसेच.’’ हा आमचा रोजचा खेळ होऊन बसला.

शेजारची वाडी गेल्या वर्षी विकली गेली. तिथे आता पर्यटकांसाठी खोल्या आहेत आणि निळ्या फरशीचा पोहायचा तलाव. पाच-सहा पोफळी फोटोला बऱ्या दिसतात म्हणून ठेवल्यात. त्यांची सुपारी तलावात पडते आणि एक मुलगा ती जाळीने काढून टाकतो. त्यांचा माणूस आमच्याकडेही येऊन गेला. हे ‘नाही’ म्हणाले नाहीत. पूर्वी म्हणाले असते, कदाचित चहाही न देता. ‘‘बघू,’’ म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते कुंपणाकडे बघत होते.

मंदारचा फोन अजून दर रविवारी येतो. चांगला बोलतो, माझ्या औषधांची चौकशी करतो. हे आता त्याला झाडांची उंची सांगत नाहीत. झाडं केव्हाच आमच्या डोक्यावर गेली आहेत. यंदा त्यांतल्या काहींना पहिला घड धरला. श्रावणात मी बघितला आणि आनंदाने यांना हाक मारली. हे आले, वर बघितलं. ‘‘धरला का?’’ म्हणाले आणि पंप बंद करायला गेले.

नव्या झाडाची पहिली सुपारी आमच्याकडे देवापुढे ठेवतात. सासूबाई ती हळद-कुंकू लावून ठेवायच्या, वर्षभर हलवायच्या नाहीत. तेव्हा परवा, पत्रा वाजल्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी, मी मुद्दाम यांच्या मागोमाग वाडीत गेले. सकाळचं कोवळं ऊन होतं. आता आमच्या वाडीत ऊन असतंच. हे पुढे चालले होते, हात मागे बांधून. पाटाच्या कडेला, वादळानंतर लावलेल्या पहिल्या ओळीतल्या झाडाखाली, पानांवर एक सुपारी पडली होती. मला लांबूनच दिसली. नारिंगी, डाग नसलेली. म्हणजे यांनाही दिसली. ते थांबले. तिच्याकडे बघितलं. मी मागे उभी राहून वाट बघत होते, की आता वाकतील.

यांनी पाय उचलला आणि ती ओलांडून पुढे गेले.

सासूबाई असत्या तर ओरडल्या असत्या. मग एकदम मला वाटलं, गुडघे. वय झालंय, दुखत असतील, वाकवत नसेल. मला इतकी आशा वाटली त्या विचाराने, की मी जवळजवळ धावत त्यांना गाठलं.

‘‘अहो, गुडघे फार दुखतायत का?’’

त्यांनी खिशात हात घातला, ती वाळकी बी चाचपली, आणि माझ्याकडे वळून बघितलं.

‘‘नाही गं,’’ ते म्हणाले. ‘‘गुडघे आता बरे आहेत.’’